संविधान चौक ते धाम नदी : चार दिवस, एक वही

नागपूर आणि वर्धा यांच्यामध्ये जेमतेम पंचाहत्तर किलोमीटर अंतर. पण हा देश कसा असावा, यावरून झालेली काही मोठी भांडणं एवढ्याच टापूत झाली. गांधी, आंबेडकर, विनोबा, उद्योगपती जमनालाल बजाज, अर्थतज्ज्ञ कुमारप्पा ही सगळी मंडळी इथे राहिली, बोलली, अटक झाली, एकमेकांना नाही म्हणाली. स्वतःची मूल्यं शोधायची तर या मंडळींचं जिथे एकमत होतं त्या जागांपेक्षा जिथे पटलं नाही त्या जागा जास्त कामाच्या. सत्य सगळ्यांनाच हवं होतं. त्यासाठी कोणी काय सोडलं, हे प्रत्येकाचं वेगळं होतं.

म्हणून सहल आखताना ठिकाणांच्या यादीआधी वही ठरली. साधी शंभर पानी, रेघांची. प्रत्येक ठिकाणाला एक पान आणि पानावर चार प्रश्न: इथे कोणी काय ठरवलं? त्यासाठी काय सोडलं? विरोधात कोण होतं आणि त्याचं म्हणणं काय? माझ्यावर गेल्या वर्षभरात अशी वेळ कधी आली? नियम एकच, आधी लिहायचं आणि मग बोलायचं. आधी बोललं की गटातल्या सर्वात मोठ्या आवाजाच्या माणसाची मूल्यं सगळ्यांच्या वहीत उतरतात. मोबाइलवर लिहू नये. नोंद करायला फोन काढलेला माणूस दोन मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर असतो.

गट आठ-दहा जणांचा बरा. आमच्यात एक परिचारिका, एक बँक कर्मचारी, दोन विधी शाखेचे विद्यार्थी, एक निवृत्त मास्तर आणि त्यांच्या सौभाग्यवती असा सगळा मेळ होता.

पहिला दिवस : सीताबर्डी, संविधान चौक, सिव्हिल लाइन्स

सुरुवात २६ जानेवारीला केली, कारण सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि सामान्यांसाठी तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट एवढ्याच दिवशी उघडतो. सोबत ओळखपत्र ठेवा, मोठ्या बॅगा आणू नका आणि सकाळीच जा. अकरानंतर लेकराबाळांसह अख्खं नागपूर रांगेत असतं. डिसेंबरात येणार असाल तर विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या तारखा आधी पाहून घ्या. त्या दिवसांत खोल्या मिळत नाहीत आणि मोर्च्यांमुळे बर्डीतून ऑटो हलत नाही.

सकाळी हवेत चांगलाच गारठा होता, धुकं झाडांच्या शेंड्यांवर अडकलेलं. अशा वेळी तर्री पोह्यांना पर्याय नाही. नवख्यांनी एक करावं: तर्री वेगळ्या वाटीत मागावी. ठेलेवाला न विचारता पळीभर ओततो आणि मग पुण्या-मुंबईकडचा पाहुणा दुपारपर्यंत पाणी पीत बसतो.

किल्ल्यावर फार वेळ घालवू नये. १८१७ च्या नोव्हेंबरात भोसल्यांची फौज इथे इंग्रजांकडून हरली आणि नागपूरच्या स्वतंत्र कारभाराचा शेवट सुरू झाला, एवढं लक्षात ठेवून खाली उतरावं. झिरो माइलचा १९०७ सालचा दगडी खांब आणि चार घोडे रस्त्यातच लागतात. इंग्रजांनी देश मोजला त्याची ही खूण. आपल्याला दुसरंच काही मोजायचं होतं, म्हणून पुढे निघालो.

खरं पहिलं पान संविधान चौकात भरलं. जुने लोक अजून रिझर्व्ह बँक चौक म्हणतात. बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार, पोरांच्या हातात कागदी झेंडे, एका मंडळाचं संविधानाच्या उद्देशिकेचं सामूहिक वाचन. बाजूला चहावाला होता. इथे रोज एवढी गर्दी असते का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "गर्दी आजची. पण बसून तं रोजच कोणी ना कोणी राह्यते जी. अंगणवाडीच्या बाया, कंत्राटी पोट्टे, मास्तर. माह्या चहाला गिऱ्हाईक हाय, त्याईच्या मागणीला नाही."

याच भागात १९२३ चा झेंडा सत्याग्रह झाला. चरख्याचा झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये, म्हणजे गोऱ्या साहेबांच्या वस्तीत, जायला बंदी होती. १ मेपासून रोज एक तुकडी झेंडा घेऊन निघायची, अडवली जायची, तुरुंगात जायची. दुसऱ्या दिवशी नवी तुकडी. जमनालाल बजाज पुढे होते. त्यांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रं हाती घेतली. विनोबाही तुरुंगात गेले. शेवटी १८ ऑगस्टला मिरवणूक झेंड्यासह सिव्हिल लाइन्समधून गेली. रचना नीट बघण्यासारखी आहे: मागणी अगदी लहान, नियम मोडणार हे आधी जाहीर, शिक्षा बिनतक्रार भोगायची आणि माणसं संपू द्यायची नाहीत.

आता याच चौकात उभं राहून २५ नोव्हेंबर १९४९ चं बाबासाहेबांचं संविधान सभेतलं भाषण काढायचं. त्यात ते म्हणतात की घटनात्मक मार्ग खुले झाल्यावर सविनय कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह बाजूला ठेवले पाहिजेत; हे मार्ग अराजकाचं व्याकरण आहेत. ज्यांचा पुतळा चौकात आहे त्यांचा हा इशारा, आणि पुतळ्याच्या सावलीत वर्षभर धरणे आंदोलनं. कोण बरोबर, हे ठरवायची घाई करू नये. वहीत प्रश्न असा लिहावा: अन्याय दिसल्यावर माझी पहिली हालचाल कोणती, अर्ज की ठिय्या? आणि अर्जाला उत्तर आलं नाही तर किती दिवस थांबतो?

इथे दोन विधी विद्यार्थ्यांची जी जुंपली ती जेवणापर्यंत चालली. एकाचं म्हणणं, खुला मार्ग म्हणजे फक्त कागदावर खुला मार्ग नव्हे. दुसऱ्याचं म्हणणं, हे वाक्य ज्याला त्याला सोयीचं पडतं. मास्तरांनी दोघांना वह्या उघडायला लावल्या. दोघांच्याही चौथ्या प्रश्नापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

दुपारी विधान भवन बाहेरूनच पाहिलं. नागपूर तेव्हा मध्यप्रांत आणि वऱ्हाडची राजधानी. या प्रांतातून संविधान सभेवर गेलेल्यांत पंजाबराव देशमुख, ब्रिजलाल बियाणी, दादा धर्माधिकारी, काझी करीमुद्दीन, हरी विष्णू कामत अशी नावं आहेत. पैकी कामतांची गोष्ट पानभर लिहावी अशी. १७ ऑक्टोबर १९४९ ला त्यांनी दुरुस्ती मांडली की उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी. सभेत आस्तिक भरपूर होते. तरी कित्येक आस्तिकांनीच विरोध केला, कारण ज्याला देव मानायचा नाही त्याच्यावर तो लादला जाऊ नये. मतदान झालं: बाजूने ४१, विरोधात ६८. स्वतःची श्रद्धा शाबूत ठेवून ती दुसऱ्याच्या गळ्यात न घालणं, हे घरात किती जणांना जमतं ते आपापल्या वहीत बघावं. करीमुद्दीन यांची दुरुस्ती वेगळीच होती: विनाकारण झडती आणि जप्ती यांपासून नागरिकाला संरक्षण मिळावं. तीही घटनेत आली नाही. हरलेल्या दुरुस्त्या वाचणं हा या विषयातला सर्वात चांगला अभ्यास आहे. एकूण ७६३५ दुरुस्त्या दाखल झाल्या, त्यातल्या २४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. सभेच्या चर्चा छापील खंडांत आणि इंटरनेटवर फुकट मिळतात. प्रवासाआधी दोन-तीन दिवसांच्या चर्चा छापून घ्याव्यात.

संध्याकाळी मेट्रोने काँग्रेसनगर. बघायला तसं काही नाही, पण डिसेंबर १९२० चं नागपूर अधिवेशन इथल्या पानावर हवंच. असहकाराचा ठराव तिथे पक्का झाला. चित्तरंजन दास बंगालमधून प्रतिनिधींची फौज घेऊन विरोध करायला आले आणि अखेर ठराव त्यांनीच मांडला. जिना मात्र शेवटपर्यंत विरोधात राहिले. भाषणात त्यांनी "मिस्टर गांधी" म्हटलं तेव्हा सभेने "महात्मा म्हणा" असा गलका केला. पुढच्या इतिहासामुळे जिनांचं नाव काढलं की आपल्याकडे चर्चा बंद होते. पण भरल्या मांडवात एकट्याने उभं राहणं आणि मत बदलून ते जाहीर करणं, या दोन्ही गोष्टी एकाच मांडवात झाल्या. आपल्याला यातलं कोणतं जास्त जड जातं, ते लिहून झोपायचं.

दुसरा दिवस : दीक्षाभूमी आणि चिचोली

दीक्षाभूमीला सकाळी आठच्या आत पोचलात तर शांतता मिळते. मेट्रोने राहाटे कॉलनी किंवा काँग्रेसनगरला उतरून ऑटो करावा. विजयादशमीच्या आसपास आणि १४ ऑक्टोबरला इथे जनसागर असतो. तो अनुभव घेण्यासारखा आहे, पण वही घेऊन बसायला त्या दिवशी जागा नाही.

स्तूप आतून पोकळ आहे. बाहेरचं ऊन आणि आतला गारवा यांत एवढा फरक की डोळ्यांना सरावायला वेळ लागतो. मधोमध बाबासाहेबांचा अस्थिकलश. लोक येतात, वाकतात, गोल फिरतात, बोलत नाहीत. यवतमाळकडून आलेल्या एक आजी नातवाला खांबावरच्या बावीस प्रतिज्ञा वाचायला लावत होत्या. तो अडखळला की त्या पुढचं वाक्य न बघता सांगत. त्यांना वाचता येत नव्हतं, हे नंतर कळलं.

या बावीस प्रतिज्ञांची घडण शांतपणे पाहावी. १४ ऑक्टोबर १९५६ ला भदंत चंद्रमणी महास्थविरांकडून स्वतः दीक्षा घेतल्यावर बाबासाहेबांनी त्या जमलेल्या लाखो लोकांना दिल्या. पहिल्या आठ प्रतिज्ञा जवळजवळ सगळ्या नकाराच्या आहेत: हे मानणार नाही, हे करणार नाही. नववीपासून समता येते, मग अष्टांगमार्ग, पारमिता, करुणा. त्यानंतर पुन्हा साधे रोजचे नियम: चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही. धर्म सोडल्याचं आणि नवा स्वीकारल्याचं वाक्य थेट एकोणिसावं. म्हणजे आधी काय बंद करायचं, मग कशावर विश्वास, मग रोज काय करायचं आणि त्यानंतर नाव. बहुतेक जण उलटं करतात: आधी वहीत "सचोटी" असं मोठ्या अक्षरात लिहितात आणि त्यापुढे कोरं.

म्हणून इथल्या पानासाठी आम्ही नियम बदलला. मूल्य एका शब्दात लिहायचं नाही. "मी अमुक करणार नाही" किंवा "मी अमुक करीन" असं पूर्ण वाक्य हवं, आणि ते पाळलं की मोडलं हे दुसऱ्या माणसाला सांगता आलं पाहिजे. परिचारिकेने आधी "सेवा" लिहिलं होतं. खोडून लिहिलं, "रुग्णाच्या नातेवाइकाला खरी परिस्थिती सांगायची टाळाटाळ करणार नाही, मग रात्रपाळी असली तरी." बँकवाल्या दादांचं "प्रामाणिकपणा" जाऊन तिथे आलं, "जी पॉलिसी मी आईला घेऊ देणार नाही ती ग्राहकाला विकणार नाही." हे लिहिल्यावर ते जरा गप्प झाले, कारण महिन्याचं टार्गेट सर्वांना माहीत होतं.

आणखी एक गोष्ट इथेच लिहिण्यासारखी. "हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही," ही घोषणा येवल्याची, १३ ऑक्टोबर १९३५ ची. दीक्षा १९५६ ची. मध्ये एकवीस वर्षं अभ्यास, तुलना, वाट पाहणं. दीक्षेनंतर ते दोन महिनेही जगले नाहीत. ६ डिसेंबरला गेले. रागाच्या भरात ठरवलेलं आणि विचारांती ठरवलेलं यातला फरक तपासायला एवढं मोठं उदाहरण दुसरं मिळणं कठीण.

इथे एक धोका सांगायलाच हवा. भक्तीने आलेले लोक बावीसच्या बावीस प्रतिज्ञा वहीत उतरवतात आणि काम झालं समजतात. उद्या सेवाग्रामला तीच माणसं गांधींची अकरा व्रतं उतरवतील. याच इशाऱ्याला बाबासाहेबांनी त्या २५ नोव्हेंबरच्या भाषणात मोठी जागा दिली होती: धर्मात भक्ती मुक्तीकडे नेईल, राजकारणात ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. थोर माणसाच्या चरणी आपलं स्वातंत्र्य वाहू नका. तेव्हा त्यांच्याच स्तुपात बसून त्यांची नक्कल करणं हे त्यांनाच न ऐकणं झालं.

दुपारचं जेवण सावजी. ज्यांना सोसत नाही त्यांनी पाटवडी रस्सा मागावा, आणि तोही सांभाळून; शाकाहारी आहे म्हणून सौम्य असेल हा गैरसमज पहिल्या घासाला जातो. सोबत ज्वारीची भाकरी आणि कच्चा कांदा.

जेवून चिचोलीला, काटोल रोडने, फेटरीजवळ. गाडी ठरवूनच जावं आणि संग्रहालय उघडं आहे का ते सकाळीच विचारून घ्यावं. दीक्षा सोहळ्याच्या आयोजनात पुढे असलेल्या वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपल्या, त्या इथे शांतिवनात आहेत. कोट, टोपी आणि टंकलेखन यंत्र. यंत्राजवळ सगळेच थांबतात. पाठ्यपुस्तकातला फोटो आणि कळा बोटांनी झिजलेलं यंत्र, यात मोठं अंतर आहे. मसुदा समिती २९ ऑगस्ट १९४७ ला नेमली गेली. घटना स्वीकारली गेली २६ नोव्हेंबर १९४९ ला, आणि या काळात समितीच्या अध्यक्षांची तब्येत मधुमेहाने पोखरलेली होती. उद्देशिकेतली बंधुता मूळ उद्दिष्टांच्या ठरावात नव्हती. मसुदा समितीने ती घातली, कारण फाळणीनंतरच्या त्या दिवसांत तिची गरज सर्वात जास्त होती. मूल्यांच्या यादीत कधी कधी आपल्याकडे जे कमी पडतंय तेच घालावं लागतं, जे भरपूर आहे ते नव्हे.

रात्री खोलीवर १९४२ चं पान. १४ जुलैला वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी देश सोडावा असा ठराव केला. बरोबर चार दिवसांनी, १८ जुलैपासून, नागपुरात बाबासाहेबांची अखिल भारतीय दलित परिषद सुरू झाली. तिथे शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन हा दलितांचा पक्ष स्थापन झाला, आणि शिका, चेतवा, संघटित व्हा हा संदेशही याच परिषदेतला. २० तारखेला महिला परिषद होती, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. घटस्फोटाचा हक्क हवा आणि बहुपत्नीत्व नको, असे ठराव त्यांनी त्या काळात केले. याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. म्हणजे एक गट तुरुंगाच्या तयारीत आणि दुसरा सरकारात. एकाला परक्याची सत्ता आधी घालवायची होती. दुसऱ्याला वाटत होतं, सत्ता बदलली तरी गावकुसाबाहेरचं जगणं बदलणार नाही, तेव्हा हाती आहे त्या खुर्चीतून आज काय करता येईल ते करा. पुढे १९४६ मध्ये कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. आत राहून काम करणारे आणि बाहेर पडून लढणारे, प्रत्येक कार्यालयात दोन्ही असतात आणि एकमेकांना नावं ठेवतात. आपण कोणत्या बाजूचे, हे त्या रात्री सगळ्यांनी लिहिलं. दोघांनी दुसऱ्या दिवशी खोडलं.

तिसरा दिवस : सेवाग्राम

गाडीचा एक घोटाळा नेहमी होतो. वर्धा आणि सेवाग्राम ही दोन वेगळी स्थानकं आहेत. मुंबईकडच्या गाड्या वर्ध्याला थांबतात, दक्षिणेकडच्या सेवाग्रामला. आणि सेवाग्राम स्थानकावर उतरलं म्हणजे आश्रम आला असं नाही. पुढे काही किलोमीटर ऑटो लागतोच. नावांचा गोंधळ इथे जुनाच. गावाचं मूळ नाव शेगाव. गांधीजींची टपाल बुलढाण्याच्या शेगावला जायची, म्हणून १९४० मध्ये नाव बदललं.

आश्रमात शिरलं की आधी आदी निवास, १९३६ चं. गांधी आले तेव्हा सगळे या एकाच खोलीत राहायचे. पुढे बा कुटी, बापू कुटी, आखिरी निवास. मातीच्या भिंती, बांबू, कवेलूचं छप्पर. बापू कुटी मुळात गांधींची इंग्रज शिष्या मीराबेन हिने स्वतःसाठी बांधलेली. भिंतीवरचं ताडाचं झाड आणि चरखा तिनेच मातीत उठवला आहे. आत व्हाइसरॉय लिनलिथगोने जोडून दिलेल्या टेलिफोनची पेटी आहे आणि साप धरायचा लाकडी चिमटा व पिंजरा आहे. साप पकडून लांब सोडायचे. अहिंसेवर पुस्तकं पुष्कळ आहेत, पण चिमटा पाहिला की कळतं की कोणीतरी बसून सापाची मान न तुटता कशी धरता येईल याचा विचार केला होता, सुताराला समजावून सांगितला होता. तत्त्वाला अवजार लागतं. आपल्या वहीतल्या प्रत्येक वाक्यापुढे मग आम्ही "अवजार" असा एक रकाना काढला. रागात उत्तर देणार नाही, असं लिहिलं असेल तर त्याचं अवजार काय? मेल लिहून रात्रभर मसुद्यात ठेवणं. कर्ज काढून दिखावा करणार नाही? लग्नाच्या खर्चाचा आकडा दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमोर आधीच लिहून ठेवणं. ज्या वाक्याला अवजार सापडत नाही ते बहुधा टिकत नाही.

परचुरे कुटीकडे बरेच जण जात नाहीत, जावं. परचुरे शास्त्री कुष्ठरोगी. त्या काळात घरचेही जवळ येत नसत. गांधींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतः त्यांची मालिश करायचे. निर्णय एका दिवसात झाला नाही; आश्रमातल्या इतरांना धोका आहे का, ही काळजी त्यांनाही होतीच. परिचारिका ताई इथे सर्वांत जास्त वेळ बसल्या.

दुपारी टकळी, म्हणजे सूत कातायची हातातली छोटी चाती. आश्रमातल्या एका दादांनी पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची सुरळी, हातात दिला आणि म्हणाले, "जोर लावू नका. पीळ चढल्याशिवाय ओढलं की तुटतेच." डाव्या हाताच्या चिमटीत पेळू अगदी सैल धरायचा, उजव्या हाताने टकळीला झटका द्यायचा, पीळ धाग्यात चढू द्यायचा आणि मग हात हळूच मागे न्यायचा. नवशिक्यांचा धागा दोन कारणांनी तुटतो: पेळू दाबून धरल्याने तंतू सुटत नाहीत, किंवा घाईने ओढल्याने मधेच बारीक पडतो. हजार मीटर सुताची एक गुंडी, म्हणजे लड. आमच्यातल्या सर्वात चिकाटीच्या विद्यार्थ्याचा धागा हातभर झाला आणि त्यावर तो भलताच खूश होता. शरीरश्रम हे अकरा व्रतांपैकी एक. त्याला गांधींच्या नावाने मान डोलावण्याआधी अर्धा तास टकळी फिरवून बघावी. ज्यांना कंटाळा आला त्यांनी तो प्रामाणिकपणे लिहावा. सगळी व्रतं सगळ्यांची नसतात.

संध्याकाळची सर्वधर्म प्रार्थना उघड्यावर, पिंपळाजवळ होते. सतरंजीवर बसायचं, शाल सोबत हवी. सूर्य गेला की वर्ध्याची थंडी हाडात शिरते. मुक्काम आश्रमासमोरच्या यात्री निवासात. साध्या खोल्या, साधं जेवण: भाकरी, भाजी, वरण, गूळ. आधी कळवून जावं.

चौथा दिवस : वर्धा, पवनार, परत

वर्ध्यात दोनच ठिकाणं घेतली. लक्ष्मीनारायण मंदिर, जे बजाजांनी १९२८ मध्ये दलितांसाठी खुलं केलं. घरचं देऊळ, स्वतःच्या समाजाचा विरोध, तरी. समतेवर बोलणं सोपं, आपल्या हातातल्या कुलपाची किल्ली देणं निराळं. प्रत्येकाच्या हातात कोणतं तरी कुलूप असतं: भाड्याने द्यायची खोली, नोकरीची शिफारस, सोसायटीची समिती. मग मगन संग्रहालय, १९३८ चं. कुमारप्पांच्या ग्रामोद्योगांचं काम इथे समजतं: तेलघाणी, हातकागद, चरख्यांचे प्रकार. वेळ कमी असेल तर घाणी आणि चरखे बघून निघावं. गोरसपाक बांधून घेतला. गाईच्या तुपाचा, तोंडात विरघळतो, प्रवासात चुरा होतो म्हणून डबा वर ठेवावा.

पवनार नागपूरच्या रस्त्यावरच आहे. धाम नदीचं पात्र जानेवारीत खडकाळ, पाणी निवळशंख. १७ ऑक्टोबर १९४० ला वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला मान विनोबांना इथेच मिळाला, दुसरे नेहरू. १९५० च्या सुमारास त्यांनी पैशाशिवाय जगण्याचा कांचनमुक्तीचा प्रयोग केला, आणि मग १९५१ मध्ये इथूनच चालत तेलंगणाकडे गेले, जिथे १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूदान सुरू झालं. १९५९ पासून इथे ब्रह्मविद्या मंदिर आहे, स्त्रियांचा आश्रम. शेती, स्वयंपाक, झाडलोट सगळं स्वतः. प्रमुख कोणी नाही आणि निर्णय सर्वसंमतीने होतात. भाजी निवडत बसलेल्या एका वयस्कर ताईंना विचारलं, एकीचं पटलंच नाही तर? त्या हसून म्हणाल्या, "तर थांबायचं. तिला कळेपर्यंत, नाहीतर आम्हाला कळेपर्यंत." संविधान सभेने ४१ विरुद्ध ६८ असं मोजून प्रश्न मिटवला; इथे मोजतच नाहीत. देश चालवायला पहिली रीत लागते. घर कोणत्या रीतीने चालतं, हा प्रश्न मास्तरांच्या सौभाग्यवतींनी मोठ्याने विचारला आणि मास्तर नदीकडे बघू लागले.

शेवटची छाटणी नदीकाठच्या पायऱ्यांवर केली. दोन तास लागतात. सगळ्या पानांतली वाक्यं एका कोऱ्या पानावर उतरवायची, बारा-पंधरा निघतात. एकाच अर्थाची जोडायची. मग दोन-दोन वाक्यांची कुस्ती लावायची: एकच पाळता येणार असेल तर कोणतं मोडाल? हरलेलं खाली. वरची पाच ठेवायची, जास्त नाही. पाचाच्या वर गेलं की अडचणीच्या वेळी कोणतं तरी सोयीचं वाक्य सापडतंच.

त्यानंतर तपासणी. गेल्या तीन महिन्यांचं बँकेचं विवरण आणि फोनमधली दिनदर्शिका समोर घ्यायची. प्रत्येक वाक्यासाठी एक तरी खर्च किंवा एक तरी संध्याकाळ सापडते का? सापडली तर वाक्यापुढे "आहे", नाही तर "हवं". "हवं" लिहिण्यात कमीपणा नाही. उद्देशिकेतली बंधुताही देशाजवळ होती म्हणून लिहिलेली नव्हती. फक्त दोन्ही एकत्र मिसळू नयेत. बहुतेकांचं "कुटुंब" इथे अडकतं: विवरणात शाळेची फी दिसते, दिनदर्शिकेत घरासाठी एकही संध्याकाळ नसते.

परत येताना बुटीबोरीजवळ संध्याकाळी ट्रकांची गर्दी लागते, त्यामुळे पवनारहून चारच्या आत निघावं. गाडीत गोरसपाकचा डबा फिरला, तोवर बँकवाल्या दादांनी पॉलिसीच्या वाक्यापुढे "हवं" लिहिलं होतं आणि त्याखाली तारीख टाकली होती: ३१ मार्च, टार्गेटचा शेवटचा दिवस.